वणव्यातले कोरे तळवे

१

मी आता जे सांगणार आहे, ते खरं मानणारा माणूस परभणी जिल्ह्यात अजून जन्माला यायचा आहे. जिंतूरच्या एका वकिलाला मी ही हकीकत सांगितली, तर त्यानं मला सावलीत बसवून गुळाचं पाणी पाजलं. म्हातारं उन्हानं भ्रमिष्ट झालं असं त्याला वाटलं. माझ्या बायकोनं तर निम्म्यातच डाळ निवडायला घेतली. तरीही त्या दिवशी सांगावीच लागली, कारण आश्रुबाच्या अंगातला सदरा मला बघवेना.

होळी झाली की पळसखोरीची माणसं दरवर्षी माळावर पट्टा काढतात. गवत कापायचं, बुडखे खरवडायचे आणि उघड्या मातीची रुंद पट्टी करायची, म्हणजे वणवा आला तर तिथं अडतो. मला आता विळा झेपत नाही. माझ्याकडं काम एकच, पळसाखाली बसून घागरी राखायच्या. दुपारी सगळे भाकरी सोडायला सावलीला आले आणि आश्रुबा उन्हात आरशासारखा चमकला. टेरिलिनचा सदरा. लग्नातला.

"आश्रुबा, काढ त्यो सदरा," मी म्हणालो.

"का वो नाना? नजर लागंल म्हनता?"

"आग लागंल. सुती कापड जळतं. लोकर धुमसती आन् इझती. ही तुझी टेरिलिन वितळती. वितळून कातड्याला बसली की कातड्यासकट निघती."

"वणवा अजून लागला न्हाई नाना, तुमीच लावायलात," विळ्यावर दगड घासत बायनाबाई म्हणाली. सगळे खदखदून हसले.

"हसा. आगीत जाताना अंगावर काय घालावं, एवढ्या एका गोष्टीवरून ह्याच माळावर एक खून उघडा पडला. आन् त्याच एका गोष्टीवर एका पोराचा जीव टांगलेला होता."

आश्रुबानं वरचं एक बटन काढलं. मी सुरुवात केली.

२

पोलीस अॅक्शन होऊन चारपाच वर्षं झाली होती. राज्य हैदराबादचंच होतं, पण निजामाचा जोर गेला होता. मी जिंतूर ठाण्यात जवान होतो आणि माझे साहेब होते अमीन किशनराव. आता ज्याला फौजदार म्हणतात त्याला तेव्हा अमीन म्हणत. किशनरावांना एक देणगी होती. खोटं बोलणाऱ्याच्या तोंडाचा त्यांना कच्च्या कांद्यासारखा वास यायचा. म्हणून बाजाराच्या दिवशी ते नाकाला रुमाल बांधूनच घराबाहेर पडत.

वैशाखात पळसखोरीचा सांगावा आला. माळावर वणवा लागला होता. असा वणवा, की तितरांच्या घरट्यात अंडी उकडून निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोल्ह्यांनी ती सोलून खाल्ली. त्यात एक माणूस गेला होता. येडबा धनगर. मेंढ्यांच्या वाड्यावरचा सगळ्यात जाणता गडी. गेला म्हणजे नुसता जळाला नव्हता, त्याला मारल्याची कबुली द्यायला एक जण चावडीत बसला होता.

तो येडबाचा पुतण्या मल्हारी. खांद्यावर घोंगडं, त्याची कड करपलेली. पायात जाड वहाणा. चेहरा असा, जणू कुणी आतून दिवा काढून नेला आहे.

"साहेब, मी चुलता जाळला," तो म्हणाला.

त्याचं बयान साधं होतं. वणवा वरून खाली येत होता. खाली मेंढ्यांचा वाडा होता. अशा वेळी खालून आपण आधीच गवत पेटवायचं असतं. ती आग वर चढत जाते, वणव्याला भेटते आणि दोन्हींना खायला काही उरत नाही. मल्हारीनं तसं केलं. वाडा वाचला. संध्याकाळी माळ थंड झाला तेव्हा दोन आगींच्या मधोमध येडबा सापडला.

"लय हाका मारल्या, साहेब. कुनी वर हाय का, कुनी हाय का. आवाज आला न्हाई, मग काडी लावली. पन लावली मीच. मला फाशी द्या. फकस्त कासाकाकूच्या म्होरं उभं करू नका."

"तुझं आणि येडबाचं काही वाकडं होतं?"

"भांडान झालतं. मला पाटाच्या कामावर जायचं व्हतं. मेंढरं नगं म्हनलो. चुलता म्हनला, माझ्या जित्यापनी न्हाई." तो थांबला. "सगळ्यानी ऐकलंय."

पंचांसमोर अंगठा झाला. किशनरावांना कांद्याचा वास आला नव्हता, कारण मल्हारी खोटं बोलतच नव्हता. त्यांनी गावातली एक बैलगाडी धरली, कोतवाल सोबत दिला आणि पोराला जिंतूरला रवाना केलं. गाडी पूर्णा नदीचा उतार ओलांडून जिंतूरला पोचली, की कबुली वरच्या साहेबांपुढं जाणार होती. तिथून पुढं ती आमच्या हातात राहणार नव्हती.

मग आम्ही प्रेत बघायला माळावर चढलो. राखेत पाय ठेवला की अजून ऊब लागत होती. येडबा उताणा पडला होता. वरून सगळं काळं. किशनरावांनी त्याला हलकेच कुशीवर केलं. पाठीखाली आगीला शिरता आलं नव्हतं. तिथं गोणपाटाचं पोतं होतं, जमिनीला चिकटलेलं आणि अजून दमट. पोत्यावर निळा ठसा होता. आणि बरोबर दोन्ही खांद्यांच्या मधे, पाठीवर, पोत्याची गाठ.

किशनरावांनी स्वतःचा हात मागं नेऊन बघितला. पोचेना.

मग त्यांनी येडबाचे पाय बघितले. पाय अनवाणी होते. गुडघे वर मुडपून तळवे मातीला टेकलेले. वरून भाजलेले. पण तळवे? तळवे कोरे. ना फोड, ना राख, ना एक कुसळ.

"जवान," ते म्हणाले, "पेटत्या गवतातून हा माणूस अनवाणी इथवर आला. कशावर चालत? हवेवर?"

३

"साहेब, गाडी मागं फिरवू का?" मी विचारलं.

"फिरवून त्याला सांगू काय? तू मारला नाहीस? तो म्हणेल, आग मी लावली. त्याला दुसरं नाव हवं. नाव हातात असल्याशिवाय ते पोर माझंही ऐकणार नाही." त्यांनी सूर्याकडं बघितलं. "बैल दुपारी पूर्णेवर थांबतील, ऊन उतरलं की निघतील. तेवढाच वेळ आहे आपल्याकडं."

आम्ही वाड्यावर गेलो. येडबाची बायको कासाबाई दारात बसली होती. रडून झालेलं होतं. तिच्या शेजारी उंबऱ्याला टेकून तिचा धाकटा भाऊ रायभान बसला होता. तो मानवतच्या एका जिनात कापसाच्या गाठी वाहायचा, ते सोडून सालभरापूर्वी बहिणीकडं मेंढरं राखायला आला होता. त्याचं रडणं अजून चालू होतं. दाजी, दाजी, एवढंच तोंडात.

आत खुंटीला एक घोंगडं टांगलेलं होतं. काळं, जड, धड.

"हे कुणाचं?" किशनरावांनी विचारलं.

"त्यांचंच."

"आगीत जाताना नेलं नाही?"

कासाबाईनं मान वर केली. इतका वेळ हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. "साहेब, तुमी शहरातले. आमच्यात गडी आगीवर निघाला की आधी वाड्यावरच्या जुन्या बाईपुढं उभा ऱ्हातो. सासू गेल्यापसनं ते काम माझ्याकडं हाय. माझा हात फिरल्याबिगर कुनी जात न्हाई. धोतराचा सोगा लोंबतोय का बघायचं, काचा घट मारायचा. डोक्याला तेल असलं तर माती चोळायची. पायात जाड वहाणा. आन् वरून घोंगडं, डोक्यापसनं खोळ करून."

"ओलं करून?"

"वल्लं?" तिनं भावाकडं बघितलं, जणू साहेब चेष्टा करताहेत का हे विचारावं. "वल्लं कापड आगीत उकळतं, साहेब. वाफ आतल्या आत मानूस शिजवती. लोकर कोरडीच पायजे. ठिणगी पडली तर काळी पडती, केस जळल्यावानी वास सुटतो, आन् झटकली की इझती. काल मल्हारीवर माझा हात फिरला. समद्यांवर फिरला." तिनं खुंटीकडं बघितलं. "त्यांच्यावर न्हाई फिरला. ते सकाळीच वढ्याकडं गेलते, मेंढरं मोजाया. मला वाटलं, तिकडूनच आगीवर गेले."

"घोंगड्याबिगर गेले असते?"

"उघडे गेले असते, पन पोतं पांघरून न्हाई."

आम्ही उठलो तशी तिनं माझा सदरा धरला. अमीनांना धरायचं धाडस झालं नसावं.

"त्या पोराला कुनी सांगाल का, त्यानं न्हाई केलं म्हनून? ते मला तोंड दावीना. लहानपनापसनं मी वाढीवलंय. ते लय मनाला लावून घेतंय."

"सांगतो," किशनराव म्हणाले. आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या चालण्यात घाई दिसली.

"मग ते पोतं कुनाचं?" आश्रुबानं मला विचारलं. भाकरी त्याच्या हातात तशीच होती.

"निळा ठसा," मी म्हणालो. "पळसखोरीत निळा ठसा एकाच माणसाचा होता."

४

तो दिनकररावांचा. माळाच्या गवताचा ठेका त्यांच्याकडं होता. धनगरांची मेंढरं ठेक्यात शिरतात म्हणून त्यांनी चारचौघांत येडबाला दम दिला होता, की गवताबरोबर तुलाही पेटवीन. ओसरीवर तक्क्याला टेकून ते पान लावत होते. पायात कॅनव्हासचे बूट, उन्हाळ्यात सुद्धा.

"ते पोतं माझंच, अमीनसाहेब, नाकबूल कशाला करू? माझी पोती अख्ख्या गावात फिरायलेत. कुणी म्हशीवर टाकतंय, कुणी बाजेवर. आता काय पोत्याला हातकडी घालता?"

"पेटवीन म्हणाला होतात."

"बोललो. मी बायकोलाही रोज बोलतो, ती बघा आत भाकऱ्या थापायलीय." त्यांनी पान तोंडात टाकलं. "आणि गवत माझं जळालंय, साहेब. नुकसान कुणाचं?"

किशनराव थोडे पुढं वाकले. "एक सांगा. उद्या वणवा आला आणि तुम्हाला स्वतःला त्यात जायची पाळी आली, तर अंगावर काय घालाल?"

"मी? मी माणसं पाठवीन."

"माणसं नाहीत असं समजा."

दिनकरराव विचारात पडले. मग त्यांचा चेहरा खुलला. "माझा पावसाळी कोट हाय की! हैदराबादहून आणलेला, अस्सल रबरी. त्यातून पाण्याचा थेंब आत जात न्हाई. मग आग कशी जाईल?"

मी हसू दाबलं. किशनराव हसले नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाले, "हा आगीत गेला तर मेणबत्तीसारखा वितळून जाईल. पण कांद्याचा वास नाही आला."

रायभान चावडीकडं येताना भेटला. डोळे सुजलेले, आवाज बसलेला. काल दुपारी तो पलीकडच्या खोऱ्यात होता म्हणाला. धूर दिसला तशी मेंढरं हाकून आणली, तोवर सगळं होऊन गेलं होतं. किशनरावांनी खिशातला रुमाल काढून नाकाला बांधला.

"दाजीला म्या अडीवलं असतं, साहेब. पन मल्हारीचं तरी काय चुकलं? त्याला काय ठावं, वर कोन हाय? पोर गरीब हाय. त्याला फाशी नका देऊ."

मला तो भला माणूस वाटला. जो तो मल्हारीवर खेकसत असताना हा एकटा त्याच्या बाजूनं बोलत होता.

"तू आगीत गेलास तर अंगावर काय घेशील, रायभान?"

"आमच्यात घोंगडंच की, साहेब. कोरडं. सोगा खोचून. पायात वहाणा." त्यानं पाय पुढं केला. वहाणा जाडजूड, तळाला खिळे ठोकलेल्या.

बरोबर उत्तर. एक शब्द इकडचा तिकडं नाही.

किशनराव चावडीच्या पायरीवर बसले. त्यांनी नाकावरचा रुमाल सोडला आणि घडी घालून मांडीवर ठेवला.

"सगळ्यांनी सांगितलं, जवान. एकानं रबरी कोट सांगितला, दोघांनी घोंगडं. मल्हारीचं घोंगडं तर मी डोळ्यांनी बघितलं. ओलं पोतं, पाठीवर गाठ आणि अनवाणी पाय, हे कुणीच सांगितलं नाही. पण ज्यानं येडबाला मारून सजवलं, त्याच्या मनात आगीत जाणारा माणूस असाच दिसतो. तो वेडेपणानं नाही, रीत म्हणून तसं करून गेलाय."

"मग ती रीत कुणाची?"

"विचारून कळणार नाही. तोंडाला खोटं बोलता येतं, हातापायांना नाही." ते उठले. "चावडीमागं ती कडब्याची गंज कुणाची आहे?"

"दिनकररावांची."

"छान," ते म्हणाले. "काडी आहे का तुझ्याजवळ?"

५

गंज दिनकररावांचीच का निवडली, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही आणि आजही सांगणार नाही.

किशनरावांनी सगळ्यांना चावडीपुढं बोलावलं, बयानं वाचून दाखवायची आहेत म्हणून. दिनकरराव आले, कासाबाई आली, रायभान आला, गाव आलं. जनावरांच्या पाण्याची दगडी डोण कडेला भरलेली होती, तिच्याजवळ रिकामी पोती पडलेली. मी मागच्या बाजूला गेलो आणि गंजीला काडी लावली.

वैशाखातला कडबा. मी एवढंच सांगतो, की तिचा उजेड औंढ्याच्या डोंगरावरून दिसला आणि तिकडची दुपारची निजलेली माणसं सकाळ झाली समजून दात घासायला लागली.

"आग! आग! चावडी पेटली!"

आता नीट ऐका. दिनकरराव कोट विसरले, बूट विसरले आणि उघड्या डोक्यानं आपल्या घराकडं पळाले. कासाबाईनं शेजारच्या गड्याच्या खांद्यावरचं घोंगडं ओढून त्याच्याच डोक्यावर टाकलं आणि त्याचा लोंबणारा सोगा कमरेला खोचला. हे सगळं तिनं न बघता केलं, दुःखात बुडालेली असताना केलं.

आणि रायभाननं? रायभाननं पायातल्या वहाणा भिरकावून दिल्या. डोणीजवळचं पोतं उचललं, पाण्यात बुडवलं, डोक्यावरून घेतलं आणि माझ्याकडं पाठ करून ओरडला:

"गाठ मार! मागनं गाठ मार लवकर!"

मी गाठ मारली. ती बरोबर दोन्ही खांद्यांच्या मधे बसली.

किशनरावांनी त्या गाठीवर हात ठेवला.

आग तिकडं कडकडत होती. पोत्यातून पाणी ठिबकत होतं. रायभान आपल्या अनवाणी पायांकडं बघत राहिला, जणू ते दुसऱ्या कुणाचे पाय होते.

"जिनात असंच करतात ना?" किशनराव हळू आवाजात म्हणाले. "कापसाच्या ढिगाला आग लागली की आधी खिळ्याच्या वहाणा काढायच्या, फरशीवर ठिणगी उडू नये म्हणून. मग ओलं पोतं. आणि गाठ एकानं दुसऱ्याची मारायची. बरोबर आहे तिथं. एका दमात आत जायचं, पोत्यानं झोडपायचं, बाहेर यायचं. पण हा माळ आहे, रायभान. इथं आग माणसाबरोबर चालते. इथं ओलं पोतं घेऊन जाणारा माणूस शिजतो आणि अनवाणी जाणारा दहा पावलांत खाली बसतो. ते वाड्यावरच्या लेकरालाही ठाऊक आहे. आज सकाळी बहिणीच्या तोंडून ऐकलंस आणि मला पढून दाखवलंस. काल तुला ते माहीत नव्हतं."

"साहेब, नुसती सवय..."

"येडबाच्या तळव्यांना राख नाही. तो माळावर चालत गेलाच नाही. त्याला उचलून नेलं. वहाणा काढल्या, पोतं भिजवलं, मागून गाठ मारली. कुणासाठी सजवलंस त्याला?"

कासाबाई पुढं आली. भावाच्या अगदी जवळ. तिनं त्याच्या अंगावरच्या ओल्या पोत्याला हात लावला आणि हात झटकला.

"रायभान," ती म्हणाली. "सांग."

तो खाली बसला. मेंढ्यांतले नर तो चोरून जिंतूरच्या बाजारात नेत होता. येडबाला संशय आला, म्हणून तो सकाळी ओढ्यावर मोजायला गेला. तिथं बाचाबाची झाली. रायभानच्या हातात काठी होती.

"एकच मारली, आक्का. दाजी उठलाच न्हाई. मग मला सुचंना. दुपारी वर वणवा दिसला, तवा खांद्यावर घालून माळावर नेला. नुसता टाकला असता तर लोक म्हनले असते, येडबासारखा मानूस आगीम्होरं पळाला कसा न्हाई? आग इझवाया गेला असं दिसाया पायजे व्हतं. म्हनून घातलं. आगीत जातानी मानूस असाच जातो, असं मला..."

"आन् मल्हारी?" कासाबाई म्हणाली. "त्यो काडी लावायलाय, हे बघितलंस?"

"बघितलं."

"त्यो हाका मारायलाय, ऐकल्यास?"

त्यानं मान डोलावली.

"तुझ्याच्यानं तवा एक शबूद बोलवला न्हाई त्याला?"

कासाबाई रायभानकडं पाठ करून आमच्याकडं वळली. उन्हं कलायला लागली होती.

"पळा," ती म्हणाली. "उभे काय ऱ्हायलात? पळा!"

६

पळालो. किशनराव घोडीवर आणि मी पायी. तुम्ही म्हणाल पायी कसा, तर त्या दिवशी घोडीच माझ्या मागं पडली. खिंडीत तिला धाप लागली तेव्हा तिचा लगाम मी हातात धरून तिला ओढत नेलं. वाटेत एक लांडगा आडवा आला, मला बघून त्यानं वाट दिली. काट्यांनी माझ्या पोटऱ्या सोलल्या, पण मला एकच दिसत होतं. त्या पोराचा तो दिवा काढून नेलेला चेहरा.

सूर्य टेकायला आला तेव्हा पूर्णेचा उतार दिसला. गाडी सोडून ठेवलेली होती. बैल पाण्यात तोंड घालून उभे होते.

"बरं झालं," आश्रुबा म्हणाला. त्यानं केव्हाच सदरा काढून मांडीवर घेतला होता.

"मी लांबूनच ओरडलो," मी म्हणालो. "मल्हारी, तू न्हाई मारलास रं! रायभाननं मारला! तुझ्या काडीच्या आधीच चुलता गेलता! मल्हारी गाडीत बसला होता, गुडघ्यात डोकं घालून. त्यानं डोकं वर केलं. आधी त्याला कळेचना. मग मी जवळ जाऊन त्याचे दोन्ही खांदे धरले आन् परत सांगितलं, आन् कासाबाई वाट बघायलीय म्हणून सांगितलं. तवा त्यो असा रडला, असा रडला, की पूर्णेचं पाणी वीतभर चढलं. मग उतरला. ओंजळीनं पाणी प्याला. तोंड धुतलं. घोंगडं खांद्यावर टाकलं आन् मला म्हनला, नाना, चला घरला, काकू उपाशी असंल. आन् त्या उन्हाच्या तिरपीत त्यो म्होरं आन् मी मागं..."

विळ्यावरचा दगड थांबला.

"नाना," बायनाबाई म्हणाली. "ती गाडी माझा बाप हाकत होता."

मी तिच्याकडं बघितलं.

"तुमी पोचलात तवा गाडी रिकामी होती, नाना. बाप आन् कोतवाल डोहाच्या काठाला, मल्हारीच्या घोंगड्यापाशी उभे ऱ्हाऊन त्याला हाका मारायले होते."